घटक ४ : वऱ्हाडचा तरफदार आणि त्याचे जग
(मध्ययुगीन सत्ता, वतने आणि मराठी शब्दसंपत्ती)

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• फतेहउल्ला इमाद-उल-मुल्क या वऱ्हाडच्या तरफदाराचे उदाहरण घेऊन मध्ययुगीन सरंजामी सत्तेचे स्वरूप सांगणे.
• वरून दिलेली सत्ता आणि खाली मुरलेली सत्ता यांतील फरक स्पष्ट करणे.
• तरफ, वतन, किताब, सरंजाम, सामंत या शब्दांचा अर्थप्रवास मांडणे.
• आपल्या गावातील आडनावे व जमिनीविषयीचे शब्द यांचा भाषिक पुरावा म्हणून सावधपणे उपयोग करणे.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अमरावतीहून परतवाडामार्गे चिखलदऱ्याला गेलात, तर गाविलगड किल्ला अवश्य पाहा. तेथील दिल्ली दरवाजावर एक दगडी शिल्प आहे. दोन तोंडांचा एक पक्षी त्यात दिसतो आणि हत्तीसुद्धा त्याच्या पकडीत सापडलेले आहेत. हा गंडभेरुंड. विजयनगरच्या राजचिन्हांत या पक्ष्याला मानाचे स्थान होते. मग तो सातपुड्यातील एका मुसलमान सरदाराच्या किल्ल्यावर कसा आला?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला एका माणसाचे चरित्र कळते आणि त्याच्याबरोबर एका समाजरचनेची ओळख होते. या रचनेला आपण 'सरंजामशाही' म्हणतो. हा शब्द राजकीय भाषणांत आणि वर्तमानपत्रांत सैलपणे वापरला जातो. कोणी उर्मटपणे वागला की त्याला 'सरंजामी वृत्तीचा' म्हटले जाते. परंतु अभ्यासकाला इतके पुरेसे नाही. सत्ता कोणाकडून येते, ती कोणत्या शब्दांत दिली जाते आणि देणारा गेल्यावर ती कोणाकडे उरते, हे तीन प्रश्न आपण या घटकात विचारणार आहोत. तुम्ही भाषेचे विद्यार्थी आहात, म्हणून उत्तरे शोधताना आपण मुख्यतः शब्दांकडे पाहू.

४.३ फतेहउल्ला : कैदी बालक ते तरफदार

दख्खनमध्ये १३४७ साली बहमनी राज्य स्थापन झाले. त्याची राजधानी प्रथम गुलबर्गा येथे होती व पुढे ती बेदर येथे गेली. राज्याचे चार मोठे प्रांत होते : गुलबर्गा, दौलताबाद, वऱ्हाड आणि बेदर. या प्रांताला 'तरफ' आणि त्याच्या अधिकाऱ्याला 'तरफदार' म्हणत. सैन्य बाळगणे, महसूल गोळा करणे आणि किल्ले सांभाळणे ही तिन्ही कामे तरफदाराच्या हाती होती. राजधानी दूर आणि फौज जवळ, त्यामुळे तरफदार आपल्या मुलखात जवळजवळ राजाच असे.

फतेहउल्ला जन्माने कानडी ब्राह्मण होता, विजयनगरवरील एका स्वारीत तो लहानपणी पकडला गेला आणि वऱ्हाडचा अधिकारी खानजहान याच्या पदरी वाढला, असे फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. घर, धर्म आणि भाषा हे सर्व बदललेला हा मुलगा पुढे धन्याच्याच प्रांताचा अधिकारी झाला आणि 'इमाद-उल-मुल्क' हा किताब त्याला मिळाला. गाविलगडावरील गंडभेरुंड ही त्याने जपलेली जन्मभूमीची खूण असावी, असे काही अभ्यासकांनी सुचवले आहे. हे अनुमान आकर्षक आहे, पण ते अनुमानच आहे. शिल्प आहे ही वस्तुस्थिती आणि ते का कोरले गेले हा तर्क, या दोहोंतील अंतर उत्तरपत्रिकेतही राखावे.

बहमनी वजीर महमूद गावान याला तरफदारांच्या वाढत्या बळाचा धोका दिसला होता. त्याने चार तरफांच्या आठ तरफा केल्या. वऱ्हाडचेही दोन भाग झाले : उत्तरेकडील गाविल फतेहउल्लाकडे राहिला आणि दक्षिणेकडील माहूर खुदावंदखानाकडे गेला. प्रत्येक तरफदाराच्या ताब्यात एकच किल्ला ठेवावा, बाकीचे किल्लेदार थेट सुलतानाने नेमावेत, असाही नियम त्याने केला. या सुधारणांनी पुष्कळ सरदार दुखावले. १४८१ साली सुलतानाच्या हुकमाने गावानचा वध झाला. ज्याने केंद्र बळकट करण्याचा प्रयत्न केला, त्यालाच केंद्राने संपवले. त्यानंतर बेदरच्या दरबारावर कोणाचा भरवसा राहिला नाही आणि तरफदार आपापल्या मुलखात पाय घट्ट रोवू लागले.

फतेहउल्लाने १४८८ च्या सुमारास गाविलगडाची डागडुजी करून तो मजबूत केला. अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाजावरील शिलालेख १४८७ सालचा आहे आणि त्यात बहमनी सुलतान महमूदशहाचे नाव आहे. जवळजवळ एकाच काळातल्या या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. नाव सुलतानाचे आहे, दगड मात्र तरफदाराच्या मुलखात रचला जात आहे. परंपरेने इमादशाहीचा आरंभ १४९० साली मानला जातो. तरीही बेदरची गादी त्या दिवशी नाहीशी झाली नाही. महमूदशहा १५१८ पर्यंत नावापुरता सुलतान होता. सरंजामी जगात स्वातंत्र्य बहुधा एका दिवसात जाहीर होत नाही. आज्ञा येत राहतात आणि त्या पाळणे हळूहळू थांबते.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
अ) महमूद गावानने वऱ्हाडच्या तरफेचे कोणते दोन भाग केले?
आ) तरफदाराच्या हाती कोणती तीन कामे होती?

४.४ किताब : देणाऱ्याचा शब्द, घेणाऱ्याचे घराणे

अरबी भाषेत 'इमाद' म्हणजे खांब, आधार. 'मुल्क' म्हणजे राज्य. 'इमाद-उल-मुल्क' म्हणजे राज्याचा आधारस्तंभ. ज्या राज्याचा तो खांब होता, त्या राज्यापासून तो वेगळा झाला आणि तरीही त्याच्या घराण्याचे नाव 'इमादशाही' असेच राहिले.

ही एकट्या वऱ्हाडची गोष्ट नाही. बहमनी राज्यातून निघालेल्या पाच शाह्यांची नावे पाहा. अहमदनगरची निजामशाही 'निजाम-उल-मुल्क' (राज्याची व्यवस्था) या किताबावरून, गोवळकोंड्याची कुतुबशाही 'कुत्ब-उल-मुल्क' (राज्याचा ध्रुव) या किताबावरून आणि विजापूरची आदिलशाही 'आदिलखान' (न्यायी खान) या किताबावरून आली आहे. बेदरच्या बरीदशाहीतील 'बरीद' या अरबी शब्दाचा अर्थ टपाल असा आहे. चाकरी दाखवणाऱ्या शब्दांपासूनच राजघराण्यांची नावे तयार झाली. सत्ता धन्याने दिलेली होती, याची खूण सत्तेच्या नावातून पुसली गेली नाही. उलट, ती खूण हाच सत्तेचा दाखला ठरला.

दूरच्या एका उदाहरणाशी तुलना केली, म्हणजे हा नियम अधिक स्पष्ट होईल. तेराव्या शतकाच्या आरंभी बल्गेरियात आसेन घराण्याचे राज्य होते. तेथील मोठ्या जमीनदार सरदारांना 'बोल्यार' म्हणत. राजा कालोयान १२०७ मध्ये मरण पावला आणि बोरील गादीवर आला, तेव्हा राजघराण्यातीलच अलेक्सी स्लाव या सरदाराने त्याला मानण्याचे नाकारले. रोदोपी पर्वतातील त्सेपिना हा किल्ला त्याच्या हाती होता. त्याने कॉन्स्टँटिनोपलच्या लॅटिन सम्राटाशी, हेन्रीशी, संधान बांधले, त्याच्या मुलीशी विवाह केला आणि त्याच्याकडून 'डेस्पॉट' ही पदवी मिळवली. पुढे त्याने मेल्निक येथे आपले ठाणे हलवले आणि १२२० साली तेथील एका मठाला सनद दिली.

काळ वेगळा, धर्म वेगळा, भाषा वेगळी. परंतु साधने तीच आहेत : डोंगरी किल्ला, दुबळा झालेला धनी, दुसऱ्याकडून मिळालेली पदवी आणि धर्मस्थळाला दिलेले दान. फरकही ध्यानात घ्या. फतेहउल्लाचा किताब त्याच्या मूळ धन्याकडून आला होता. स्लावने मात्र आपल्या राजाच्या शत्रूकडून पदवी घेतली. 'डेस्पॉट' या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ 'धनी, स्वामी' असा आहे. आज युरोपीय भाषांत त्याचा अर्थ 'जुलमी राज्यकर्ता' असा झाला आहे. मानाच्या शब्दाला हीन अर्थ येण्याच्या या क्रियेला आपण 'अर्थापकर्ष' म्हणतो.

'किताब' शब्दाचीही एक गंमत आहे. पदवी या अर्थाचा हा शब्द मूळ 'खिताब' या अरबी शब्दापासून आला. मराठीत 'ख' चा 'क' झाला आणि तो पुस्तकवाचक 'किताब'शी समरूप झाला. म्हणून 'महाराष्ट्र केसरी किताब' असे म्हणताना पुस्तकाचा संबंध जोडू नये.

४.५ खालचा थर : देशमुख, पाटील आणि वतन

तरफदार किल्ल्यावर होता. पण अचलपूरच्या किंवा बाळापूरच्या परिसरातील शेताचा सारा किती, तो कोणी ठरवायचा, गावची शीव कोठून जाते, हे त्याला कोण सांगणार? त्यासाठी खालचा थर आवश्यक होता. परगण्याच्या पातळीवर देशमुख व देशपांडे आणि गावाच्या पातळीवर पाटील व कुळकर्णी. एक जोडी अधिकाराची, तर दुसरी लेखणीची नव्हे. प्रत्येक जोडीत एक अधिकार चालवणारा आणि एक हिशेब लिहिणारा, अशी ही रचना होती.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी भारतीय सरंजामशाहीचे दोन प्रकार सांगितले : वरून आलेली आणि खालून वाढलेली. राजा आपल्या हाताखालच्यांना अधिकार वाटून देतो, ती पहिली. गावातच जमीनधारकांचा एक वर्ग राज्य आणि शेतकरी यांच्यामध्ये उभा राहतो, ती दुसरी. वऱ्हाडचा तरफदार हे पहिल्या प्रकाराचे उदाहरण मानता येईल. देशमुख-पाटलांकडे पाहताना दुसरा प्रकार उपयोगी पडतो. युरोपातील व्यवस्थेसाठी घडवलेली संज्ञा भारताला लावावी का, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. रामशरण शर्मा यांनी 'भारतीय सरंजामशाही'ची मांडणी केली आणि हरबन्स मुखिया यांनी तिच्यावर मूलभूत प्रश्न उपस्थित केले, एवढे येथे लक्षात ठेवावे.

आता शब्दांकडे वळू. देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी ही पदनामे भारतीय घडणीची आहेत. 'पाटील' हा शब्द जुन्या लेखांतील 'पट्टकिल' या रूपाशी जोडला जातो. मात्र या पदांना मिळणाऱ्या अधिकाराचे शब्द पाहिले, तर वतन, हक्क, इनाम, मिरास, सनद असे सर्व अरबी मूळ असलेले शब्द आढळतात. पद गावचे, परंतु त्याचा दाखला दरबाराचा. गावचा माणूस गावातच मोठा होता. त्याचे मोठेपण कागदावर टिकवायचे, तर मात्र दरबारी भाषेतील शब्दांचा आधार त्याला घ्यावा लागे. फारसी-अरबी शब्द मराठीत का रुजले, याचे एक मोठे कारण येथे सापडते. लोकांनी ते हौसेने उचलले नाहीत. त्यांच्या जमिनी त्या शब्दांत लिहिल्या गेल्या होत्या.

'वतन' या शब्दाचा मूळ अर्थ जन्मभूमी. मराठीत त्याचा अर्थ वंशपरंपरागत पद व त्यासोबतचे उत्पन्न असा झाला. या शब्दात किती जीव अडकलेला होता, हे पाथरीच्या उदाहरणावरून कळते. पाथरी आज परभणी जिल्ह्यात आहे. तेव्हा ती इमादशाहीत होती. निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुळकर्णी होते, असे फरिश्ता सांगतो. बुऱ्हाण निजामशहाने ती जागा इमादशहाकडे मोबदला देऊन मागितली. नकार येताच त्याने १५१८ साली पाथरी बळाने घेतली आणि तिच्यासाठी पुढेही लढाया झाल्या. पूर्वजांच्या कुळकर्णीपणाच्या गावासाठी एका सुलतानाने फौज पाठवावी, यावरून सिंहासनावर बसलेल्या माणसालाही वतनाची ओढ कशी असते, हे दिसते.

पुढचा क्रम पाहा. १५७४ साली नरनाळा व गाविलगड पडले आणि वऱ्हाड निजामशाहीत गेले. १५९६ साली चांदबिबीने तहात ते मोगलांना दिले. १७२४ नंतर हैदराबादच्या निजामाचा अंमल सुरू झाला आणि नागपूरकर भोसल्यांच्या वाट्यामुळे 'दोअमली' आली. १८०३ मध्ये भोसल्यांचा पराभव होऊन त्यांचा वाटा संपला आणि १८५३ च्या करारानंतर कारभार इंग्रजांकडे गेला. तरफदार गेले, सुभेदार गेले. देशमुख आणि पाटील मात्र राजवटीमागून राजवट पाहत राहिले, कारण प्रत्येक नव्या धन्याला सारा गोळा करणारा जुना माणूसच हवा होता. इंग्रजी अमलात रयतवारी पद्धत व पगारी अधिकारी आले, तेव्हा कोठे देशमुखांचे महसुली काम संपले. नाव मात्र राहिले. आज ते आडनाव आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
अ) पदनामे आणि अधिकारवाचक शब्द यांच्या मुळांत कोणता फरक दिसतो?
आ) पाथरीच्या प्रकरणातून 'वतन' या संकल्पनेविषयी काय कळते?

४.६ कागदाबाहेरची माणसे

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. वतनाच्या कागदांत ज्यांची नावे आहेत, तेच तेवढे त्या काळी जगत होते, असा समज होऊ शकतो. परंतु किल्ल्याचे दगड वाहणारे, शेत नांगरणारे आणि सारा भरणारे लोक संख्येने किती तरी अधिक होते. त्यांच्यासाठी 'रयत' असा एक सामूहिक शब्द पुरेसा मानला गेला.

महारांच्या 'बावन्न हक्कां'ची आख्यायिका परंपरेने बेदरच्या बादशहाशी जोडली जाते. गावची राखण करणे, निरोप पोहोचवणे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणे, सरकारी माणसांची चाकरी करणे ही कामे महारांकडे होती आणि त्याबद्दल त्यांना थोडी वतनी जमीन मिळे. कागदावर हाही 'हक्क' आणि हेही 'वतन'च. परंतु देशमुखाच्या वतनाने त्याचे घर मोठे झाले आणि महाराच्या वतनाने त्याचे घर चाकरीला बांधले गेले. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले, ते ही वेठ संपावी म्हणून. शब्द एकच असला, तरी त्याचा अर्थ बोलणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असतो. अर्थविचार शिकताना आपण 'संदर्भ' म्हणतो, तो फक्त वाक्याचा नसतो, समाजाचाही असतो.

तुमच्यापैकी कोणाचे आडनाव देशमुख असेल, कोणाचे पाटील, तर कोणाच्या आजोबांना आडनावाने हाक मारण्याची कोणाला गरजच वाटली नसेल. या घटकाचा हेतू कोणाला अभिमान देण्याचा नाही आणि कोणाला अपराधी ठरवण्याचाही नाही. एका शब्दावर किती लोकांचे आयुष्य उभे होते, हे दिसावे, एवढाच आहे.

४.७ शब्दांचा अर्थप्रवास

तरफ : मूळ अरबी अर्थ 'बाजू, दिशा'. बहमनी काळात मोठा प्रांत. पुढे मराठी मुलखात परगण्याखालचा काही गावांचा लहान गट. हा अर्थसंकोच होय. आजचे 'च्या तर्फे' आणि 'तरफदारी' हे प्रयोग मूळ 'बाजू' या अर्थाशी जुळतात. प्रांताधिकारी पक्षपाती होते, म्हणून 'तरफदारी' शब्द आला, अशी व्युत्पत्ती कोणी सांगितल्यास ती स्वीकारू नका.

सामंत : संस्कृतात आधी 'शेजारचा, सीमेवरचा', नंतर 'मांडलिक'. शेजाऱ्याचा मांडलिक होणे हा राजकीय इतिहासच या शब्दात साठला आहे.

सरंजाम : मूळ फारसी अर्थ 'सिद्धता, साहित्य'. मराठी राज्यात फौजेच्या खर्चासाठी लावून दिलेला मुलूख. त्यावरून 'सरंजामशाही' ही आधुनिक संज्ञा तयार झाली. बहमनी काळातील व्यवस्थेला आपण हा शब्द लावतो, तेव्हा उत्तरकालीन शब्दाने पूर्वकालीन गोष्टीचे वर्णन करत असतो, हे भान असावे.

खुर्द, बुद्रुक : फारसी 'खुर्द' म्हणजे लहान आणि 'बुजुर्ग' म्हणजे मोठा. एकाच नावाची दोन गावे वेगळी ओळखण्यासाठी हे शब्द गावांच्या नावांमागे लागले.

या शब्दांच्या पलीकडची मराठी पाहायची असेल, तर अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर आठवा. बहमनी राज्यापूर्वीच, तेराव्या शतकात, तेथे महानुभावांच्या गद्यग्रंथांची निर्मिती झाली. आणि या शब्दांना पर्याय देण्याचा प्रयत्न पाहायचा असेल, तर शिवकालीन 'राज्यव्यवहारकोशा'कडे पाहा. तेथे राज्यकारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. काही रुजले, पुष्कळ रुजले नाहीत. हक्क, जमीन, सनद हे शब्द आजही आपल्या तोंडी आहेत.

४.८ सारांश

फतेहउल्ला इमाद-उल-मुल्क हा बहमनी राज्याचा तरफदार होता. केंद्र दुबळे होताच त्याने वऱ्हाडात स्वतंत्र सत्ता उभारली, परंतु त्याच्या घराण्याला धन्याने दिलेल्या किताबाचेच नाव मिळाले. वरचा थर राजवटीबरोबर बदलत गेला. देशमुख-पाटलांचा खालचा थर टिकला. त्या थराची पदनामे भारतीय, तर त्याच्या हक्कांचे शब्द दरबारी होते. एकाच 'वतन' शब्दाने काहींना प्रतिष्ठा दिली, तर काहींना वेठीस बांधले. म्हणून शब्द हा इतिहासाचा पुरावा आहे; मात्र तो कोणाच्या तोंडचा आहे, हे विचारल्याशिवाय त्याची साक्ष पूर्ण होत नाही.

४.९ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) गाविल आणि माहूर. आ) सैन्य बाळगणे, महसूल गोळा करणे, किल्ले सांभाळणे.
प्रश्न २ : अ) पदनामे भारतीय घडणीची, अधिकारवाचक शब्द अरबी मुळाचे. आ) वतन हे उत्पन्नाचे साधन होतेच, पण ते वंशाशी व गावाशी जोडलेले असल्याने सत्ताधीशालाही त्याची ओढ वाटे.

४.१० सरावासाठी स्वाध्याय

१) 'किताब देणाऱ्याचा, घराणे घेणाऱ्याचे' हे विधान इमादशाहीच्या आधारे स्पष्ट करा.
२) फतेहउल्ला आणि अलेक्सी स्लाव यांच्यातील दोन साम्ये व एक भेद लिहा.
३) टीपा लिहा : तरफ, वतन, सरंजाम.

४.११ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील किंवा मोहल्ल्यातील वृद्ध स्त्री-पुरुषांशी बोला. शेतांची नावे, जुनी कामे आणि मानपान यांविषयीचे वीस शब्द मिळवा. प्रत्येक शब्दापुढे तीन गोष्टी लिहा : तो कोणी सांगितला, त्यांच्या मते त्याचा अर्थ काय आणि त्यांच्या घरात तो मानाचा शब्द होता की कष्टाचा. एकच शब्द दोन वेगवेगळ्या वस्त्यांत विचारायला विसरू नका. उत्तरे वेगळी आली, तर त्यातील एक चूक समजून खोडू नका. दोन्ही लिहा आणि संपर्कसत्राला येताना वही सोबत आणा.